गॅलरीतल्या दाया

"झालं मॅडम! मस्त सदतीस अंशांवर आणून ठेवलाय," प्रयोगशाळेतल्या इनक्युबेटरचं दार लावत मेकॅनिक म्हणाला, आणि तिच्या हातातली काचेची बशी पडता पडता राहिली.

"सदतीस? अहो, चौतीस! या वृषणातल्या पेशी आहेत. त्यांना शरीरापेक्षा जरा गारवा लागतो."

त्याने आकडा चौतिसावर आणला आणि म्हणाला, "म्हणून देवाने त्यांना बाहेर गॅलरीत जागा दिली होय!"

ती खळखळून हसली. एरवी 'वृषणातल्या पेशी' एवढं ऐकूनच माणसं पळायची. लग्नासाठी बघायला आलेले लोक विचारायचे, "कुठल्या पेशींवर काम करते मुलगी?" ती खरं सांगायची… आणि पाहुण्यांना एकदम घरची कामं आठवायची. आई कपाळाला हात लावायची. "डोळ्यांच्या पेशी म्हणाली असतीस तर जीभ झडली असती?"

हा मात्र स्टूल ओढून बसला. "करतात काय या?"

"दाया आहेत. इवल्या शुक्रपेशींना भरवायचं, जपायचं, मोठं करायचं. मेंदू संप्रेरकाची हाक मारतो, की लागल्या कामाला."

त्यानंतर इनक्युबेटर वरचेवर बिघडू लागला. एकदा तर नुसता प्लग निघालेला. पेशी मात्र आधीच शेजारच्या इनक्युबेटरमध्ये सुखरूप!

"प्लग आपोआप निघत नाही, मॅडम…"

"निघतो— कधी कधी." तिचे कान लाल.

तो हसला नाही. प्लग हातात फिरवत राहिला. "हाक येऊनही दाया ऐकत नसतील तर?"

तिने वळून पाहिलं. हा प्रश्न मेकॅनिकचा नव्हता.

"तर मेंदू आणखी जोरात ओरडतो," ती हळूच म्हणाली.

"माझा ओरडतोय. रिपोर्टात आलंय. मूल होईलच असं नाही, म्हणाले डॉक्टर. दोष असला की मी आधीच सांगतो. गिऱ्हाईकाला मागाहून कळायला नको."

"मी गिऱ्हाईक आहे?"

"तेच… विचारायचं होतं."

"मूल मला आवडेल," ती म्हणाली. डोळे भरले होते, ओठ मात्र हसत होते. "पण नुसते तुम्हीही चालाल."

"वॉरंटी नाही हं."

"मागितलीय कुणी?"

संध्याकाळी तिने घरी लग्नाचं सांगून टाकलं. आईने आधी विचारलं, "कुठल्या पेशी, ते सांगितलंस त्याला?"

"हो."

"आणि पळाला नाही?"

"नाही गं. आणि मीही नाही पळाले."

"तू कशाला पळशील?"

तिने आईसाठी स्टूल ओढलं. "बस. सांगते."