रुळांवरचं एरंडेल

एकसष्टच्या पौषात जाफरच्या दुकानानं आपली पहिली लिफ्ट कळंबच्या आडत बाजारात उभी केली. तोवर जाफर आणि त्याचा भागीदार बिभीषण विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करत. ही लिफ्ट चालली तर बार्शी, लातूरहून कामं येणार होती. नाही चालली तर दुकान बंद.

लिफ्ट ज्यांच्या माडीसाठी होती ते आडते महालिंगप्पा लिंगायत, कट्टर शाकाहारी. त्यांची अट एकच होती: त्यांचं धान्य माडीवर जाईल त्या वाटेत चरबीचा थेंब लागता कामा नये. लिफ्टचा पाळणा ज्या दोन उभ्या लोखंडी रुळांमधून सरकतो, त्यांना बरेच जण चरबीच लावत. जाफरनं शब्द दिला, फक्त एरंडेल. घाण्यावरून आणून त्यानं ते स्वतःच्या हातानं लावलं.

दोन दिवस लिफ्ट बिनबोभाट चालली. मग एका सकाळी रुळांवर पांढुरकं काही साचलेलं दिसलं.

"थंडीनं तेल थिजलं आसंल," बिभीषण म्हणाला.

"एरंडेल असं थिजत न्हाय."

वास सोलून टांगलेल्या जनावराचा होता. जाफरनं रॉकेलनं रूळ चोळून काढले आणि पुन्हा एरंडेल लावलं. दुसऱ्या सकाळी थर आणखी जाड होता, आणि आत गुलाबी धागे होते. त्यानं बोट लावलं. लोखंड गारठलेलं होतं, थर मात्र कोमट होता. घरी भाकरी मोडली तरी बोटांना तोच वास. त्यानं भाकरी तशीच ठेवली.

"जाफरभाई, खाटकाकडून तर न्हाय ना आणलं?" तो बाजारात परतल्यावर बिभीषणानं खाली बघत विचारलं.

"तूबी इचारतोस?"

बिभीषण पान्हा उचलून मोटारीकडं गेला.

कुणा हमालानं सांगितलं असावं. दुपारी महालिंगप्पा स्वतः आले, नाकाला उपरणं लावून.

"हे काय हाय, जाफरभाई?"

"एरंडेल, आप्पा."

"मग चाटून दावा."

हमालांनी पाठीवरची पोती खाली टेकवली. आपण चरबी लावली नाही, हे जाफरला ठाऊक होतं. हे एरंडेल नाही, हेही ठाऊक होतं.

त्यानं बोट रुळावरून ओढलं आणि तोंडात घातलं.

खारट. कोमट.

गिळावं लागलं नाही. ते आपणच खाली सरकलं.

"एरंडेलच हाय," जाफर म्हणाला.

"बरं," महालिंगप्पा म्हणाले. "पुसून घ्या तेवढं."

पुसायला काही उरलंच नव्हतं. रूळ कोरडे होते. पुढं त्यांना तेल कधी लागलंच नाही. पाळणा कोरड्या लोखंडावरून आवाज न करता वरखाली जायचा. बार्शीहून काम आलं, मग लातूरहून. बिभीषणानं दुकानाची पाटी मोठी करून घेतली.

घरी नसीमबीनं नवऱ्याचा पेला वेगळा ठेवला. राखेनं घासून, कढत पाण्यानं धुऊन ती तो भरून द्यायची. जाफर एक घोट घेऊन पेला खाली ठेवायचा. ओठ लागलेल्या कडेपासून पाण्यावर बारीक गोल ठिपके पसरत जायचे, आणि भर वैशाखात, दोघांच्या देखत, पांढरे होऊन थिजायचे.