एकीला झाकावं

दुपारी चारच्या सुमाराला चष्म्याच्या दुकानात फारसं गिऱ्हाईक नसतं. धाकटी त्या वेळी मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्रापाशी बसे, हात पुसून घेई आणि फोनची वाट पाही. फोन आईचा येई. पण तो धाकटीला केलेला नसे. तो ताईला केलेला असे, आणि ताईला जाऊन अडीच महिने झाले होते.

हा उद्योग धाकटीने आपणहून अंगावर घेतला होता. ताई परगावी गाडीच्या अपघातात गेली, तेव्हा आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन आठवडाही उलटला नव्हता. सहा महिने हिला कसलाही धक्का पोचता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आई तर रोज चारच्या ठोक्याला ताईला फोन करणारी, एक दिवस चुकायचं नाव नाही. मग भावजींनी ताईच्या फोनवर फॉरवर्डिंग लावून दिलं. फोन बंद होऊन त्यांच्या कपाटात पडला, पण त्यावर येणारे कॉल धाकटीच्या फोनवर वाजू लागले.

दोघी बहिणींचे आवाज असे, की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. लहानपणी बाबासुद्धा फसायचे. अडचण एवढीच होती, की आई अधूनमधून धाकटीलाही फोन करी आणि दोन्ही वेळा पडद्यावर नाव आईचंच येई. फरक होता तो खालच्या बारीक ओळीचा : 'फॉरवर्ड केलेला कॉल'. ती ओळ दिसली की धाकटी ताईसारखं "हं, आई" म्हणे. नसली की आपलं नेहमीचं "बोल गं". एकदा घाईत तिने ओळ न बघताच "बोल गं" म्हटलं, तर आईने लगेच हटकलं.

"ताई, तू धाकटीसारखं काय बोलतेस?"

"तिच्याशी बोलून बोलून सवय लागली गं."

थाप पचली, पण त्यानंतर ती ओळ बघितल्याशिवाय धाकटी फोन उचलेना.

आणखी एक पथ्य ती पाळी. ताई फोन ठेवताना "येते हं" म्हणायची, घरून निघताना म्हणावं तसं. धाकटीच्या तोंडून तो शब्द निघेना. जी येणार नाही तिच्या वतीने येते कसं म्हणायचं? ती नुसतं "ठेवते" म्हणे.

मंगळवारी चारला फोन वाजला नाही. साडेचार झाले तरी नाही. धाकटीचा जीव थाऱ्यावर राहीना. ती दुकान लवकर बंद करून घरी आली, तर आई खिडकीत मजेत बसलेली. रविवारीच धाकटीने डोळे तपासून तिला नवा चष्मा बसवून दिला होता, आणि तेव्हापासून समोरच्या गच्चीतल्या दोरीवरचे चिमटे मोजून दाखवणं हा तिचा खेळ झाला होता.

"आज ताई पोटभर बोलली," आई म्हणाली. "रोज मेली ठेवते ठेवते करते."

"आज... तू फोन केलास?"

"न करायला काय झालं? म्हणाली, आई, इतके दिवस मला लाइनच मिळत नव्हती."

धाकटीने हसायचा प्रयत्न केला. "आणि काय म्हणाली?"

"येते म्हणाली. किती दिवसांनी म्हणाली बघ. मी म्हटलं, ये."

आई चहा टाकायला उठली तशी धाकटीने तिचा फोन उचलून पाहिला. ताई, चार वाजता, एकोणतीस मिनिटं. ती जिन्यात गेली आणि तिने भावजींना फोन लावला.

"भावजी, फॉरवर्डिंग काढलंत का?"

"माझ्याने तो फोन बघवेना गं. सोमवारी नंबरच बंद करून घेतला. तुला सांगायचा धीर होईना... आईंना कळलं का?"

धाकटीने ताईचा नंबर लावला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, असं कोणी बाई गोड आवाजात म्हणाली. तिने तीनदा लावला. तिन्ही वेळा तेच.

तिला भीती वाटली, आणि ती भीती मेलेल्या माणसाची नव्हती. ताईला ती का घाबरेल? ताईने तिला हाताला धरून शाळेत नेलं होतं. भीती होती आईची. ती कोणाला ये म्हणून बसली होती?

बुधवारी चार वाजता तिने स्वतःच दुकानातून आईला फोन लावला. आपण ज्यांना कॉल करत आहात, ते दुसऱ्या कॉलवर आहेत. ती तशीच थांबली. आईने फोन घेतला.

"थांब गं धाकटे, ताईला होल्डवर ठेवलंय."

"आई... तो फोन ठेव. माझं ऐक."

"का म्हणून? बऱ्या सापडलात दोघी. तूच ते बटण शिकवलंस ना, तिघांनी एकत्र बोलायचं? जोडते."

"जोडू नकोस... आई..."

टिंग वाजलं. मग लाइनवर एक मोकळी पोकळी उघडली आणि त्या पोकळीत फार लांबवर गाडीचा हॉर्न अडकून एकसारखा वाजत होता. धाकटीच्या हाताला काचेची पूड चिकटली होती, ती घामाने ओली झाली.

"हं, बोला आता," आई म्हणाली.

धाकटी तोंड उघडणार होती. आणि तेवढ्यात लाइनवर कोणीतरी, तिच्याच आवाजात, तिच्याच हेलाने म्हणालं,

"बोल गं."

"बघ, धाकटी बोलली," आई म्हणाली. "ताई, तूच का गप्प?"

"आई, मी... मी धाकटी आहे..."

आई हसली. "पुरे हं ताई तुझ्या नकला. आवाज सारखा म्हणून आईला बनवशील?"

"आई," तो आवाज म्हणाला, "मी दुकानातून लवकर निघालेय. दाराशीच आहे. कडी काढ."

फोन कटला.

धाकटी दुकान उघडं टाकून धावत सुटली. घर बारा मिनिटांवर होतं. वाटेत तिने आईला चारदा फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. आईचं हृदय, तो धक्का, डॉक्टरांनी बजावताना उगारलेलं बोट, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं. देवा, फक्त आई धड असू दे, मग काहीही होवो, असं ती पुटपुटत होती. जिना चढताना तिला दोनदा ठेच लागली.

तिने बेल दाबली. दार लगेच उघडलं. आई उभी होती, धडधाकट, नवा चष्मा नाकावर. धाकटीला रडूच कोसळलं.

आईने तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. त्या काचांचा नंबर धाकटीनेच दोनदा तपासला होता. आईचे डोळे भरून आले.

"ताई... येते म्हणालीस आणि खरंच आलीस गं."

"आई, मी..."

आईने तिचा हात घट्ट धरला आणि मागे वळून हाक मारली, "धाकटे, बाहेर ये. बघ कोण आलंय."

आत बाथरूममधला नळ बंद झाला.

"बोल गं," आतून उत्तर आलं.