नव्या रेडिएटरवरचं वेष्टन

आजी गेल्याचं चंद्रावर कळलं, त्याच दिवशी पृथ्वीकडे एक यान निघणार होतं. पुढचं यान थेट महिन्यानं. आजीच्या दहाव्याला पोचायचं, तिच्या अस्थी नदीत सोडायच्या, तर हेच यान गाठायला हवं होतं. शाल्मली आणि तिचे विश्रामआजोबा चांद्रगाडीनं यानतळाकडे निघाले.

अर्ध्या वाटेत अवकाशातून आलेला बारीकसा खडा टपावरच्या रेडिएटरला (गाडीतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याला) भोक पाडून गेला. आतलं शीतक (उष्णता वाहून नेणारा द्रव) गळून गेलं. आजोबांनी गाडी टेकडीच्या सावलीत घेतली. तरी बॅटरीच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतच होता.

"आजोबा, सावलीत तर सगळं गोठतंय. मग गाडी कशी तापते?"

"इथं हवा कुठंय गं? पृथ्वीवर वारा उष्णता घेऊन जातो. इथं ती नुसत्या प्रारणानं (किरणांच्या रूपात) बाहेर पडते. पाना दे."

अवकाशपोशाख चढवून दोघं टपावर आली होती, शिरस्त्राणातल्या रेडिओवरून बोलत होती. आजोबांनी झडप बंद केली, फुटका पत्रा उतरवून नवा बसवला. शाल्मलीनं नळ्या जोडल्या. झडप उघडताच राखीव टाकीतलं शीतक वाहू लागलं.

आजोबांच्या मनगटावरच्या पडद्यावर काटा चढतच राहिला.

"लाल पट्टीला टेकला की मोटर बंद. मग यान गेलंच समज." आजोबांनी बोल्ट पुन्हा आवळले. गळती कुठंच नव्हती.

शाल्मली पत्र्याकडे बघत होती. "हे चंदेरी वेष्टन का नाही काढलंत?"

"नवी वस्तू आहे, ओरखडे पडतील. तुझ्या आजीनं फ्रिजवरचं प्लास्टिक कधी काढू दिलं नाही मला."

"पण तळावर थंडी वाजली की अशीच चंदेरी चादर देतात आम्हाला. ती ऊब धरून ठेवते!"

आजोबांनी वेष्टनावरून हातमोजा फिरवला. मग एकदम म्हणाले, "अगं, खरंच की! चकचकीत पृष्ठभागातून प्रारण फार कमी होतं. खालचा पांढरा रंग उष्णता सोडतो, आणि मी त्यालाच झाकून ठेवलंय. ओढ, ओढ!"

जाड हातमोज्यांत कोपरा सापडेना. काटा पट्टीला भिडायला आला. शेवटी शाल्मलीनं पान्याच्या टोकानं कोपरा उचकटला. वेष्टन सरसर निघालं, पण हवा नसल्यानं आवाज झाला नाही.

काटा थबकला. मग हळूहळू मागे आला.

आजोबांनी वेष्टनाची घडी करून खिशात ठेवली.

"आजी ओरडली असती तुम्हाला."

"ओरडली असती. मग म्हणाली असती, पोरीचं ऐकत जा."

"पुढच्या वेळी रेडिएटर मी बसवणार."

"बसव."

गाडी पुन्हा निघाली आणि दूर यानतळाचे दिवे दिसू लागले. यान अजून उभं होतं. आता आजीच्या अस्थी नदीत सोडता येणार होत्या.