साखळीतली शेवटची प्रार्थना

हे घडलेलं आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं, पण शेवटपर्यंत वाचून मग मला खोटं पाडू नये. जिच्यावर हे बेतलं ती उत्कर्षा माझ्या सख्ख्या बहिणीची नात. तिच्या तोंडून ऐकलं तसं लिहिते आहे.

मागच्या वर्षीचा मे महिना. वळसंगच्या पलीकडचं एक गाव. आणि वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारची.

सोलापुरातल्या एका चर्चच्या मंडळीची तरुण पोरं तिथे सेवेला गेली होती. सकाळी गावातल्या लेकरांना बायबलच्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची. संध्याकाळी घरोघर भेटी. मधली दुपार मोकळी. मुक्काम शाळेच्या एका खोलीत. वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही, वरचे पत्रे तापलेले. बरोबर आलेले पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, जेवून लांब लिंबाखाली आडवे झालेले.

पोरांना करमणूक म्हणून एकच गोष्ट हाताशी होती.

नीलम्मा.

बिड्या वळणाऱ्या बाईची ही पोर मंडळीत नवीन होती. कुणी काही सांगावं आणि तिने ते खरं मानावं, असा स्वभाव. एकदा तिच्या चहात मीठ घातलं, तर ती कप रिकामा करून "बरा झालाय" म्हणाली. एकदा तिच्या चपला लपवल्या. ती तापल्या फुफाट्यातून अनवाणी पाणी आणत राहिली, आणि हे तिघे ओट्यावर बसून हसत राहिले. उत्कर्षा, मंडळीत गाणारी प्रियंका आणि सगळीकडे मोटारसायकल उडवणारा अमरेश.

त्या दुपारी उत्कर्षाला नवा खेळ सुचला.

"नीलम्मा, साखळी प्रार्थना करू या. येतेस?"

"येते की ताई!" पोरीचा चेहरा असा फुलला, की क्षणभर उत्कर्षालाच कसंतरी झालं. क्षणभरच.

साखळी प्रार्थनेची रीत साधी असते. गोल बसायचं. तळवे उताणे करून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे. आपली प्रार्थना संपली की डावीकडच्याचा तळवा दाबायचा, मग त्याची पाळी. कुणी काहीही मागो, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. साखळी पुरी होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

"आणि इथं मागितलेलं इथंच राहतं," उत्कर्षाने बजावलं. "बाहेर एक शब्द काढायचा नाही. देवाशपथ."

"व्हय ताई."

नीलम्माच्या डावीकडे प्रियंका बसली, तिच्या पलीकडे अमरेश. शेवटी उत्कर्षा, म्हणजे नीलम्माच्या उजव्या हाताला.

"हिची प्रार्थना म्हणजे लाल डबा," अमरेश कुजबुजला. "दर थांब्याला थांबणार. तवर आपण झोप काढून येऊ की."

नीलम्माने सुरुवात केली. पाळकसाहेबांच्या गुडघ्यासाठी मागितलं. अमरेशच्या आईच्या साखरेसाठी मागितलं. "प्रियंकाताईचा गळा राख. उत्कर्षाताईला कदी एकटं पाडू नको, बापा..."

तोवर तिघेही अनवाणी पावलांनी बाहेर पडले होते.

तोंडावर हात दाबून ते खिडकीच्या गजांशी उभे राहिले. आत नीलम्मा एकटी. भोवती तीन रिकाम्या सतरंज्या.

तिची प्रार्थना संपली. तिने डावा हात बाजूला नेला आणि तळवा दाबला.

रिकाम्या जागेत.

हात खाली पडायला हवा होता. पण तो अधांतरीच थांबला... बसलेल्या माणसाच्या मांडीच्या उंचीवर.

प्रियंकाचं हसू मावळलं.

पत्र्याखाली सकाळपासून घुमणारी कबुतरं गप्प झाली होती.

नीलम्मा मान हलवत होती. कुणाचं ऐकताना हलवावी तशी. हलवता हलवता तिच्या कपाळावर आठी आली.

"आमेन," ती हळूच म्हणाली.

पुन्हा शांतता. पुन्हा मान हलली... मग थांबली.

"आमेन."

"ए, हिला कळलंय," अमरेश पुटपुटला. "आपलीच मजा करतीय ही." पण त्याने गज घट्ट धरले होते.

शेवटची पाळी फार थोडा वेळ चालली. मिटल्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. नीलम्माने उजवीकडे तोंड वळवलं.

"असं नका ना मागू, ताई..."

कुणी उत्तर दिलं असावं. कारण तिने मान खाली घातली.

"आमेन."

आणि तिच्या उजव्या तळव्यात खळगा पडला. भाकरीच्या पिठात अंगठा दाबावा तसा.

उत्कर्षा दार ढकलून आत धावली. नीलम्माने डोळे उघडले. तिने तिघांकडे पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि पाण्याची घागर उचलली.

पावसाळ्यात प्रियंकाचा आवाज गेला. खोकला नाही, ताप नाही. एका रविवारी गायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

दिवाळीच्या आधी अमरेशला डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं. मग उजव्याने.

उत्कर्षा धावत नीलम्माच्या घरी गेली. ती सुपात तंबाखू घेऊन आईबरोबर बिड्या वळत बसली होती.

"त्यांनीच मागितलं की," नीलम्मा म्हणाली. "प्रियंकाताई माझा गळा घे म्हनाली. अमरेशदादा म्हनाला, डोळे घे. मला लई वाईट वाटलं, ताई. पर आमेन तर म्हनावंच लागतं."

"अगं, आम्ही तिथं नव्हतोच! खिडकीबाहेर उभं राहून तुला हसत होतो!"

"आवाज तर तुमचेच हुते."

"मग ते आमेन परत घे. तुझ्या पाया पडते."

"दिलेलं आमेन परत कसं घेऊ? कसं घेत्यात, तुमीच सांगा."

उत्कर्षाने तिच्यापुढचं सूप बाजूला सारलं. "मी... मी काय मागितलं?"

"हितलं हितंच ऱ्हातं. तुमीच शपथ घातली नव्हं का?"

उत्कर्षा तिथेच जमिनीवर बसून रडली. बराच वेळ रडली. नीलम्माने बिडीला दोरा गुंडाळला, तोडला, आणि मग म्हणाली,

"तुमी भ्या‍यचं कारण न्हाय ताई. सोतासाठी तुमी कायबीच मागितलं न्हाय."

बोलताना ती हसली की रडली, हे उत्कर्षाला अजून सांगता येत नाही.

तेव्हापासून पोरगी झोपत नाही. आईच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. धाकट्या बहिणीला, पूनमला, एकटीला रस्ता ओलांडू देत नाही. प्रार्थनेला डोळे मिटत नाही. मिटले की उजव्या तळव्याला कुणीतरी चाचपतं, म्हणते.

परवा ती माझ्याकडे आली होती. मला जेवताना बघत बसली. घास खाली ठेवून मी विचारलं, "काय गं, अशी काय बघतेस?"

"काही नाही, आजी," ती म्हणाली. "तू बरी आहेस ना?"

मी बरी आहे म्हणाले.

काल संध्याकाळपासून माझा उजवा हात बधिर आहे. वय झालं, त्यामुळे असेल. हे मी डाव्या हाताने लिहिलं आहे, म्हणून अक्षर वेडंवाकडं आहे.

तिला अजून सांगितलेलं नाही.