पाचवा घास

विचारलंच आहे तर सांगतो. बसा निवांत. घाईने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

मागल्या आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं आहे. आमच्या फैजपुरातला रुपचंद माझा लहानपणापासूनचा सोबती. सोमवारी त्याच्या हृदयाचं दुसरं ऑपरेशन ठरलं होतं. त्याला एकच हौस राहिली होती. साक्रीकडच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्यांच्या खाली एकदा उघड्यावर झोपायचं. त्याचा मुलगा हितेंद्र नाहीच म्हणत होता. शेवटी मला म्हणाला, "नाना, तुमच्या भरोशावर पाठवतो. आबांना जसं नेता तसं परत आणा."

"आणतो," मी म्हटलं.

आखाजी म्हणजे पितरांचा दिवस. सकाळी घागर पुजली, पण निखाऱ्यावर पितरांच्या नावाने घास टाकायचे असतात, आम्ही त्याला आगारी म्हणतो, ती निघायच्या गडबडीत राहिली. माझी सून मोहिनी डबा भरताना म्हणाली, "नाना, पितर दारी येतील अन् तुम्ही पठारावर. त्यांनी काय जीपमागे पळत यावं?"

"तिथं टाकतो आगारी," मी हसून म्हटलं. "येतील शोधत."

जीप मी हळूहळूच चालवली. केळीच्या बागा मागे पडल्या, तापी गेली, जळगाव गेलं, पारोळा, धुळं. रुपचंद खिडकीबाहेर हात काढून वारा मुठीत धरत होता, सोडत होता. पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. उघडं माळरान आणि वर ती पांढरी पाती, व्हूं... व्हूं... करत फिरणारी. ताडपत्रीची एक बाजू जीपला बांधली, दुसरीवर दगड ठेवले. तरी ती फड फड करतच राहिली.

जीपच्या आडोशाला गोवऱ्या पेटवल्या. निखारे झाले. पुरणपोळीचा घास, त्यावर आमरस, वर तूप. वडील, आई, थोरला भाऊ, माझी कुंदाबाई. चार नावं घेतली, चार घास टाकले, भोवती पाणी फिरवलं. हात जोडून पाहतो तर निखाऱ्यावर पाच.

"झुल्या, पाचवा कोनाचा रे?" रुपचंदने विचारलं. लहानपणापासून तो मला झुल्याच म्हणतो.

"चुकून पडला असंन."

"नाव घेतलं का तू?"

"नाही..."

तो हसला. "मंग माह्याच असंन. आगाऊच टाकून ठेवला तू मले."

मला हसू आलं नाही. टाकलेला घास काढून घेता येत नाही. चार घास धुरावले, काळे पडले. पाचवा तसाच राहिला, आत्ताच ताटातून उचलल्यासारखा.

झोपताना मी त्याचं मनगट हातात धरून ठेवलं. नाडी लागत होती. मग केव्हातरी माझाही डोळा लागला.

तांबडं फुटायच्या आधी जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबला म्हणून. वारा पडला होता. वर पाती फिरत होती, पण मुकी. आणि त्या कोरड्या माळावर पिकल्या केळीचा वास... आमच्या घराकडचा वास.

निखाऱ्यापाशी कोणी पाठमोरं बसलं होतं. मांडी घालून, अंगावर शाल. मी म्हटलं, "रुपचंद, थंडी बाधंन रे..."

मग ध्यानात आलं, रुपचंदचं मनगट माझ्या हातात आहे. पण नाडी लागत नव्हती.

भीती वाटली का? ती नंतर वाटली. तेव्हा सगळं पाण्याखालून बघावं तसं होतं. ते माणूस हळूहळू जेवत होतं, फार दिवसांचं उपाशी असल्यासारखं. मी हलक्या आवाजात म्हटलं, "जेव बाबा, पोटभर जेव. पन याले नेऊ नको... दर आखाजीले तुह्या घास वाढीन."

त्याचा हात थांबला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. ताडपत्री एकदम फडफडली, वारा आला, आणि माझ्या बोटांखाली नाडी पुन्हा चालू झाली.

उजाडलं तेव्हा राखेत चार घास कोळसा होऊन पडले होते. पाचव्याची जागा पुसल्यासारखी स्वच्छ होती.

"लई गाढ झोपलो रे," रुपचंद आळस देत म्हणाला. "काहीच कळलं नाही."

मीही काही सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. सोमवारचं ऑपरेशन नीट झालं. वर्षभर तो केळीच्या बागेत काठी न घेता हिंडला.

परवा आखाजी झाली. दुपारी रुपचंद आमच्याकडेच जेवायला होता, माझ्या शेजारी खेटून बसलेला. मी चार नावं घेतली, चार घास टाकले. मग नाव न घेता पाचवा.

"नाना, हा कोणाचा?" मोहिनीने विचारलं.

मी डोळे मिटून हात जोडले. बाहेर पान हलत नव्हतं. तरी कानाजवळ हळूच आलं... फड... फड...

मी डोळे उघडले. रुपचंदचे मिटलेलेच होते, हात जोडलेले. तसाच तो जरासा बाजूला सरकला, आणि आमच्या दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा करून दिली.