साती आसरांची सळई

निळवणीच्या जुन्या जिनिंग गिरणीमागचं अळूचं बन सुकलं. झालं होतं एवढंच, आणि उद्घाटनाच्या सकाळी अळूकडे बघायला सवड कुणाला होती?

सवड होती हौसाकाकूंना, कारण अळूच्या वड्या विकायच्या तर पानं लागतात. त्यांनी मांडव ओलांडून थेट भिंत दुरुस्त करणाऱ्या हेमलताला गाठलं.

"हेमे, तुझ्या चुन्यानं माझं अळू मारलं बघ! सासूबाईंच्या आधीपासून ह्या भिंतीतून पाणी ठिबकतंय. आता थेंब नाही."

"काकू, भिंत गळायची थांबली म्हणजे चांगलंच झालं ना?" हेमलता हसली. "अळूला नळ देते तुमच्या."

हसायचा तिला हक्कच होता म्हणा. निळवणीची ती काळ्या दगडाची भिंत दीडशे वर्षांची. भिंतीच्या एका अंगाला काठोकाठ भरलेला तलाव, दुसऱ्या अंगाला चाळीस फूट खाली जिनिंग. तलावातून निघालेल्या पाटाच्या पाण्यावर गिरणीचं चाक फिरायचं आणि कापसातली सरकी वेगळी व्हायची. हेमलताची आई, सरूबाई, तिथंच कामाला होती. गिरणी बंद पडून तीस वर्षं झाली, छपरं बसली, भिंतीला भेगा गेल्या. पाडूनच टाका, म्हणत होते सगळे. तेव्हा पुण्याहून इंजिनिअर होऊन ही गावचीच मुलगी परत आली आणि येताना जिवंत चुना घेऊन आली.

जिवंत चुना म्हणजे नेहमीचाच चुन्याचा गारा, पण त्यात जिवाणू मिसळलेले. भेगेत पाणी शिरलं की ते जागे होतात, पाण्यातलाच चुना घेऊन भेगेत चुनखडी रचतात. भेग बुजली, पाणी थांबलं की पुन्हा झोपी जातात. गवंडी नको, पाड नको. भिंत आपली आपण बरी होते. उन्हाळ्यात तो भरला आणि गणपती बसेपर्यंत एकूण एक भेग मिटली. लोक मुद्दाम हात लावून बघायला येत होते.

आज अकराला गिरणीचं संग्रहालय म्हणून उद्घाटन होतं. पाहुणे बटण दाबून गिरणीचा जुना भोंगा वाजवणार होते. अंगणात शाळेची तीनशे मुलं लेझीम घेऊन उभी होती. पहिल्या रांगेत सत्काराच्या नव्या लुगड्यात सरूबाई बसली होती आणि शेजारणीला म्हणत होती, "माझ्या हेमीनं केलंय हे सगळं."

फाटकाशी गेनूतात्या उभे होते. पंचेचाळीस वर्षं पाटकरी म्हणून त्यांनी ह्या तलावाची आणि पाटाची राखण केली होती. पण ते आत काही येईनात, तेव्हा हेमलताच पुढे गेली.

"तात्या, रागावलात का अजून?"

"राग कसला, पोरी. आसरा बोलेनात. भ्या वाटतंय मला."

भिंतीच्या पायथ्याशी ओळीनं सात भोकं होती, मूठ जाईल एवढाली. त्यांना गाव साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवी, म्हणायचं. तात्या रोज सकाळी बारा फुटी लोखंडी सळई एकेका भोकात आत-बाहेर करायचे, मग दगडाला हळदीकुंकू वाहायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. भोकांतून सतत टपटप चालायची; आसरा बोलतात, असं म्हणायचे लोक. जूनमध्ये हेमलतानंच नोटीस लावली होती: सळईनं दगडाच्या कडा झिजतात, हळदीकुंकू खुशाल वाहा, सळई बंद. ती सळई आता संग्रहालयात काचेच्या पेटीत होती. खाली छान छापलेली पाटी होती: 'पूजेची सळई.'

"तात्या, हे बघा." तिनं टॅबलेट पुढे केला. भिंतीत बसवलेल्या चाळीस संवेदकांचे चाळीस हिरवे ठिपके. "गळती शून्य. एक थेंबसुद्धा वाया जात नाही."

तात्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "शून्य? आणि तलाव तर भरलाय. मग आसरांतून येणारं पाणी गेलं कुठं?"

हेमलतानं टॅबलेट खाली केला आणि ती भिंतीकडे बघू लागली.

दगडी भिंत पाणी अडवते खरी, पण थोडं पाणी तिच्या पोटात मुरतंच. त्याला बाहेर पडायची वाट ठेवली नाही तर ते आतून रेटा देतं आणि भिंत उचलून फेकतं. हे तिला परीक्षेत विचारलं होतं, आणि तिनं पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते! मात्र साती आसरांना तिनं देव मानलं आणि सळईला पूजा. ती पाण्याला ठेवलेली वाट आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जिवाणूंना तर देवही कळत नव्हता आणि वाटही. त्यांच्या लेखी आसरा म्हणजे वाहत्या पाण्याच्या सात भेगा. गळती मोजायला बसवलेल्या संवेदकांना आतला दाब दिसत नव्हता.

ती धावत भिंतीशी गेली. भिंत हलली तर कळावं म्हणून जुन्या पद्धतीनं दगडांच्या सांध्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. पहिली शाबूत. दुसरी शाबूत. तिसरी मधोमध तुटलेली. ती बघत असतानाच चौथी टिचकन तडकली.

तिनं तलावातून पाटात पाणी सोडतात त्या मोरीवर फोन लावला. "दार उघडा! पाट पूर्ण सोडा, आत्ताच्या आत्ता!"

"मॅडम, मोटार नुसती गुरगुरतेय," पलीकडून आवाज आला. "दार जागचं हलत नाही. दाराच्या खाचांत पांढरं काहीतरी घट्ट बसलंय."

खाचांतही उन्हाळ्यात तोच चुना भरला होता. तोही तिच्याच सहीनं.

अंगणात हलगी सुरू झाली, मुलांनी लेझीम उचललं. हेमलतानं माइक हिसकावला. "सगळे वर चला, टेकडीवर! भिंत जाईल!" लोक हसले. कुणी म्हणालं, बाईंना ताण आलाय. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सरूबाई उठली. तिनं लेकीच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. तरातरा जाऊन तिनं पाहुण्यांसाठी सजवलेलं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

तीन भोंगे! निळवणीत म्हातारं कुणीही असो, तीन भोंग्यांचा अर्थ त्याला ठाऊक होता: हातातलं टाका आणि टेकडी गाठा. म्हाताऱ्या उठल्या, त्यांनी पोरांना बखोटीला धरलं. मांडव रिकामा होऊ लागला.

"आई, तूही जा!"

"जाते. तू काय करणार आहेस?"

हेमलतानं आत धावत जाऊन सळईच्या पेटीची काच खुर्चीनं फोडली.

पहिल्या आसरेत सळई वीतभरही जाईना. आत दातासारखी पांढरी कठीण बुचं बसली होती. तात्यांनी सळई धरली, हेमलतानं मागून घण घातला. घण पडला की भिंतीच्या पोटातून गुरगुर ऐकू येई आणि तिचे हात आपोआप थांबत. "मार, पोरी, थांबू नको," तात्या म्हणत. अकराव्या घणाला बूच फुटलं. तांबूस पाण्याचा लोट असा आला की दोघंही उताणे पडले. उठून ते दुसऱ्या आसरेकडे वळले. मग तिसरी. सातवी मोकळी झाली तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि पायथ्याशी गुडघाभर पाणी साचलं होतं. भिंतीची गुरगुर थांबली. नवीन पट्टी तडकली नाही.

टेकडीवरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. हौसाकाकू वरून ओरडल्या, "हेमे, अळू पिऊ दे गं पोटभर!" हेमलता हसली आणि त्याच हसण्यात ढसाढसा रडली. आई वाचली होती. पोरं वाचली होती. चिखलात बसून तिनं तात्यांचे पाय धरले.

तात्यांचं मात्र तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते कान देऊन ऐकत होते.

"पहिलीचा आवाज बारीक झाला," ते म्हणाले.

खरंच झाला होता. मनगटाएवढी धार आता बोटाएवढी होती. हेमलतानं घड्याळ पाहिलं. भोक मोकळं करून चाळीस मिनिटं झाली होती. आधी बुजायला तीन महिने लागले होते.

का, ते तिला लगेच कळलं आणि कळल्यावर जास्तच भीती वाटली. प्रयोगशाळेत दर खेपेला सगळ्यात झटपट भेग बुजवणारे जिवाणूच तिनं पुढच्या खेपेसाठी निवडले होते. आता ती निवड भिंतच करत होती. पाण्याच्या लोटात मंद होते ते वाहून गेले, चपळ तेवढे चिकटून राहिले. त्यांना मारणारं औषध होतं. पण ते सोडायचं तर ह्याच पाण्यात, आणि खालची अकरा गावं हेच पाणी पितात. पंप लावून तलाव उतरवायला अठरा दिवस लागतील, असं पाटबंधारे खात्याचे लोक फोनवर सांगत होते.

"अठरा दिवस ना? मी आहे," तात्या म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचे तात्या. त्यांनी पहिली आसरा पुन्हा मोकळी केली, मग दुसरी. दमले तेव्हा सळई तिसऱ्या भोकात तशीच ठेवून ते दगडावर टेकले. हेमलतानं त्यांना पाणी दिलं. घोटभर पिऊन ते उठले, त्यांनी सळई ओढली.

सळई हलली नाही.

"तात्या, ओढा ना."

"ओढतोय की."

दोघांनी मिळून ओढली. भोकाच्या तोंडाशी सळईभोवती पांढरं कडं दिसत होतं, ओलं आणि गुळगुळीत.

"पोरी," तात्या हळूच म्हणाले, जणू आतल्या कुणाला ऐकू जाऊ नये, "पाणी थांबलं की हे झोपतात, म्हणालीस तू. आणि पाणी थांबवलं तर भिंत जाते. मग ह्यांना झोपवायचं कसं?"