लोटनच्या नावाचा घास

कोरी घागर नदीत आडवी धरली की तिच्या तोंडातून एक आवाज निघतो. गुडगुड, गुडगुड... तहानलेला माणूस घाईघाईने पाणी पितो तसा. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा आईचं लुगडं धरून तापीच्या पाण्यात उभा होतो. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. मी विचारलं, कोण पितंय? आई म्हणाली, "आपला पितर पेतस, बेटा. पोट भरनं का गप होतस." घागर भरली, आवाज थांबला. आईने ती डोक्यावर घेतली. मी मात्र घरी येईपर्यंत मागे वळून वळून नदीकडे बघत होतो.

तुम्ही लोटनबद्दल विचारलंत म्हणून हे आठवलं. कंदील असू द्या तिथेच, वात तेवढी थोडी वर करा. गावात कोणालाही विचारा, लोटन ठणठणीत आहे म्हणतील. पारावर बसतो, सगळ्यांशी बोलतो. मी त्याच्या घरी जात नाही एवढंच.

आमचं गाव तापीच्या काठी, धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. खाली बंधारा झाला तेव्हापासून नदी तुंबली. दिवाळीत काठावर उभं राहिलं तर पलीकडची झाडं बोटाएवढी दिसतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि गाळ उघडा पडतो. वरून वाळून पापडासारखा तडकलेला, आत लोण्यासारखा मऊ. गुरं रुततात त्यात.

मी, मगन आणि लोटन लहानपणापासूनचे सोबती. मगन एस.टी.वर ड्रायव्हर होता. त्याची जीभ कधी ब्रेकवर नसायची. लोटन गरीब स्वभावाचा. त्याला दम्याचा जुना त्रास. तो जवळ आला की आधी त्याची छाती ऐकू यायची, मग तो दिसायचा. माझं नाव उखर्डू का, तर माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने मला उकिरड्यावर टाकून पुन्हा उचललं. मरणाला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर. लोटनलाही त्याच्या आईने तसंच धुळीत लोटून घेतलं होतं. आम्ही दोघंही त्या नावांच्या मागे लपून म्हातारे झालो.

गेल्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मगन आला. त्याचा नातू पियुष मित्रांबरोबर कोकणात समुद्रावर तंबू ठोकून राहून आला होता. त्याचे फोटो मगनने मोबाइलमध्ये दाखवले.

"पोरं इतला लांब जातस," तो म्हणाला. "आपला समुद्र आठे पडेल शे. चाला, आपण बी तंबू ठोकू. मासा धरू, खाऊ, सकाळले घर."

लोटन लगेच तयार झाला. त्याची बायको बेबाबाई मात्र मला दारात बाजूला घेऊन म्हणाली, "उखर्डूभाऊ, यास्ले पानीमा उतरू देऊ नका. दम लागस. जसा लई जातस तसा लई या."

मी म्हटलं, "आणतो. माझ्यावर सोड."

एवढंच बोललो होतो. पण शब्द दिला होता.

मगनच्या टेम्पोतून ताडपत्री, कढई, काळा मसाला, कळण्याच्या भाकरी असं सगळं नेलं. पाण्यासाठी मगनने घरून आखाजीची घागर आणली होती. त्यात वावगं काही नाही. सणाला पितरांच्या नावाने पुजली की तीच घागर उन्हाळाभर घरात पाण्याला वापरतात. पाणी गार राहतं.

नदीच्या पात्रात कोणाची तरी डांगराची, म्हणजे खरबुजांची वाडी होती. डांगरं काढून झालेली, माणसं गेलेली, मागे राहिली होती एक झोपडी आणि बिनगोधडीची खाट. आम्ही तिथेच ताडपत्री बांधली. गळ टाकून बसलो. वारा छान होता. पाण्याचा ओला वास येत होता आणि सुकलेल्या वेलांचा गोडसर कुजका वास.

"लोटन, तुना भाता बंद कर," मगन म्हणाला. "मासा पळी राहिनात."

"मासा मना दम ऐकाले येतस," लोटन शांतपणे म्हणाला. "तुनं तोंड पाहीसन पळतस."

खूप दिवसांनी मी तसा हसलो.

दिवस कलला तोवर दोन मरळ मिळाले. मी ते साफ करून कढईत टाकले. गोवऱ्यांचा जाळ छान लागला होता. लांबचा एक गळ ओढ खातोय असं लोटनला वाटलं. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, काठाकाठानेच जातो, पाण्यात पाय घालत नाही. गेला. त्याच्या छातीचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला, मग वाऱ्यात मिसळला.

जेवण तयार झालं. लोटन आला नव्हता. मगनला भूक आवरत नव्हती. आमच्याकडे आखाजीला आगारी टाकतात, तुम्हाला माहीत असेल. गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडायचं, पुरणपोळीचा घास टाकायचा आणि घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला जेवायला बोलवायचं. जाळ उठला की तो आला, जेवला. आदल्या दिवशीच सगळ्यांनी घरी टाकली होती. मगनच्या हाताला ती सवय लागलेली असावी, किंवा अंगात मस्ती असावी. त्याने माशाचा तुकडा मोडला आणि जाळात टाकला.

"नाना, घ्या. काल गोड खाधं, आज तिखट खा."

नाना म्हणजे त्याचे वडील. माशाच्या तेलाने जाळ भडकला. मगन हसला. मला ते आवडलं नाही. आगारीत मांसमच्छी टाकत नाहीत. मी काही बोलणार, तोवर त्याने दुसरा तुकडा उचलला होता आणि तो लोटन गेला त्या बाजूला बघत होता.

"लोटन, ये रे भो. तू बी घास घे. नही ते भुक्या ऱ्हाशी."

आणि तुकडा जाळात टाकला.

या वेळी जाळ भडकला नाही. एकदम बसला. निखारे काळे पडले, आणि मग हळूहळू, कोणी फुंकर घालावी तसे परत लाल झाले.

"जित्ता माणूसनं नाव घेतस का आगारीमा?" मी म्हटलं.

"गंमत करी राहिंतू रे..."

तेव्हा मला तो आवाज आला. गाळाच्या बाजूने. गुडगुड, गुडगुड. कोणीतरी मोठी घागर पाण्यात आडवी धरल्यासारखा. मगननेही ऐकला. आम्ही दोघं घास हातात धरून बसून राहिलो. आवाज थांबला.

लोटन गाळावरून चालत आला आणि माझ्या शेजारी बसला.

"घाबरवलंस रे," मी म्हटलं. ताटली पुढे केली. त्याने ती बाजूला सारली.

"तहान लागनी," तो म्हणाला.

त्याने घागर उचलली आणि तोंडाला लावली. भांडं मागितलं नाही. पाणी त्याच्या घशातून जात होतं तेव्हा तोच आवाज येत होता. मी खाली बघितलं. त्याचे पाय जाळाच्या उजेडात होते. स्वच्छ होते. नखांतसुद्धा माती नव्हती. त्या गाळावरून कोंबडी चालली तरी पंजे भरतात...

आणि मग माझ्या लक्षात आलं की मला त्याची छाती ऐकू येत नाहीये.

"उखर्डू..."

हाक लांबून आली. गाळातून.

"उखर्डू... हात दे रे..."

मगन माझ्याकडे सरकला. "ओ नको देऊ," तो कुजबुजला. "लोटन तं आठे बठेल शे. ते काहीतरी दुसरं शे..."

शेजारच्याने घागर खाली ठेवली. माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता, घागरीसारखा. "ओ देऊ नको," तोही म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला.

मी कधी धीट माणूस नव्हतो. पण त्या हाकेत मधेमधे शिट्टी वाजत होती. दम्याच्या माणसाचा श्वास तशीच शिट्टी वाजवतो, आणि ती शिट्टी मी आयुष्यभर शेजारी ऐकली होती. मी हात सोडवला. झोपडीतली खाट उचलली आणि त्या दिशेने निघालो.

"आलो रे," मी ओरडलो. "हलू नको. आलो."

तो छातीपर्यंत रुतला होता. मी खाट गाळावर आडवी टाकली, तिच्यावर पालथा पडून सरकलो, माझा पंचा त्याच्या काखेतून घातला. किती वेळ ओढत होतो सांगता येणार नाही. गाळ सोडत नव्हता. शेवटी सोडला तेव्हा त्यातून तोच गुडगुड आवाज आला. मी लोटनला खाटेवर घेतलं. तो गरम होता. त्याची छाती माझ्या छातीवर शिट्ट्या वाजवत होती. मला रडू आलं.

परत आलो तर जाळाजवळ मगन एकटाच होता. घागर रिकामी होती.

"कुठे गेला तो?"

मगनने नुसता गावच्या रस्त्याकडे हात केला. मग लोटनकडे बघितलं आणि जरा लांब सरकून बसला. त्यानंतर त्याने लोटनला हात लावला नाही.

लोटन बसू शकत नव्हता, मग टेम्पोत कसा घालणार? त्याचा दम्याचा पंप गाळात गेला होता. मगनच्या फोनला रेंज नव्हती. मी लोटनची पाठ चोळत बसलो. धुवायला पाणी आणू का विचारलं, तर त्याने माझा हात घट्ट धरला. मला पाण्याकडे जाऊ देईना. गाळ त्याच्या अंगावर तसाच वाळला. एकदाच बोलला. "मी घडी घडी हाका मारी राहिंतू," म्हणाला, "आणि तुम्ही तिघं जेवाले बसेल दिसनात माले."

उजाडता उजाडता त्याला थोडं बरं वाटलं. आम्ही गावात आलो. मगनने गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि टेम्पो वळवला. मी लोटनला धरून त्याच्या दाराशी नेलं. दार बंद होतं. मी कडी वाजवली.

"कोण?" बेबाबाईने आतूनच विचारलं.

"मी उखर्डू. आणला बरं का तुझ्या माणसाला."

दार उघडलं नाही. मग खिडकीची एक फळी उघडली. तिने आधी मला बघितलं, मग लोटनला. तिच्या तोंडावर पदर गेला.

"आमना मालक रातलेच घर उनात, भाऊ," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "पायी उनात. मले सांगं त्यास्नी. म्हने, मना मांगे हुबेहूब मनासारखा एक जण यी. उखर्डूले भुलाडीसन आणी. दार उघडू नको."

"बेबा, मी शे," लोटन म्हणाला.

"ऐक माझं," मी म्हटलं. "आत जो आहे त्याचे पाय बघितलेस का?"

"पाह्यात ना. तेच पाह्यात आधी. उलटा नही, सरळ शेत. स्वच्छ शेत." आणि मग तिने लोटनच्या पायांकडे बघितलं. "यान्हा दाखाडा."

लोटनचे पाय गुडघ्यापर्यंत वाळलेल्या गाळात होते. दोन काळे गोळे. बोटं कुठे, टाच कुठे, काही कळत नव्हतं. तो खाली बसला आणि नखांनी गाळ खरवडू लागला. घाईघाईने. त्याला दम लागला. मीही त्याच्याबरोबर खरवडू लागलो.

"त्याचा दम ऐक, बेबाबाई," मी म्हटलं. "एवढी वर्षं त्याच्याशेजारी झोपलीस. हा दम ओळखत नाहीस का? आतल्याला आहे का दम?"

 आता तिच्या आवाजात भीती नव्हती. ती थकलेल्या बाईसारखं बोलली, आणि थोडं लाजून.

"त्यास्ना दम गया, भाऊ. रातभर शांत झोपनात. कितला वरीसमा असं झोपनात. मी बी झोपनू."

लोटनचा हात थांबला.

आतून खाट करकरली. "बेबा," लोटनचा आवाज आला, स्वच्छ, मोकळ्या छातीचा. "कोण शे व? पानी दे."

"देस," ती म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्हना संगे जो शे त्याले परत लई जा, भाऊ. तुम्हना पाया पडस." आणि फळी लावून घेतली. थोड्या वेळाने आतून तो आवाज सुरू झाला. गुडगुड, गुडगुड... कोणीतरी घागर तोंडाला लावली होती.

लोटनचा एक अंगठा तेवढा गाळातून बाहेर निघाला होता. पुढे होता. सरळ होता. मी त्याला तो दाखवला. त्याने बघितलाही. मग तो भिंतीला धरून उठला, माझ्या खांद्यावरची माती हाताने झटकली, आणि नदीच्या वाटेला लागला. मला हाक मारायची होती. पण त्या घरासमोर कोणत्या नावाने हाक मारणार?

गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. मग ती थांबली. तो थांबला नाही. मला अजून दिसत होता, चालत होता, छातीचा आवाज न करता.